मुलाची तयारी सगळे विचारतात, शाळेची तयारी कोण विचारणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की पेपरात शाळा कशी निवडावी यावर मजकूर येतो आणि मी तो नेमाने वाचते. माध्यम कुठलं, बोर्ड कुठलं, अंतर किती, एका वर्गात मुलं किती, मैदान आहे का, सगळं असतं त्यात. पण ज्या घरातल्या मुलाला चालता येत नाही, ऐकू कमी येतं, दिसत नाही, ऑटिझम आहे, समजायला वेळ लागतो, बोलणं स्पष्ट नाही, त्या घरातल्या आईबापांनी शाळा कशी बघायची यावर त्यात मला कधी काही सापडलं नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय याची कल्पना आहे, छापताना कापलंत तरी चालेल, पण शाळेच्या संडासाबद्दल लिहिलंय तेवढं प्लीज कापू नका.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअरवर असते, हातावर ताबा कमी आहे, बोलते पण नवीन माणसाला तिचं बोलणं कळायला वेळ लागतो. ती साध्या शाळेत जाते आणि आता बऱ्यापैकी रुळलीय. आमचा पालकांचा एक ग्रुप आहे, त्यात डाऊन सिंड्रोम असलेली, ऑटिझम असलेली, ऐकू न येणारी, फिट येणारी अशी सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत, त्यामुळे खाली जे लिहितेय ते माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही.

अशा मुलाला घेऊन शाळेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मूल शाळेसाठी तयार आहे का? एका जागी बसतं का, शी-शूचं सांगतं का, मारत नाही ना, स्वतःच्या हाताने खातं का. आणि आपण आईबाप परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत सुटतो, हो बसते, हो सांगते, हल्ली खूप इम्प्रूव्हमेंट आहे. या सगळ्या बोलण्यात शाळा या मुलासाठी तयार आहे का हे कोणीच विचारत नाही, आपणही नाही, कारण आपल्याला भीती असते की जास्त विचारलं तर अ‍ॅडमिशन जाईल. माझं म्हणणं एवढंच आहे की हा दुसरा प्रश्न आधी विचारा, आणि तोंडी उत्तरावर विश्वास न ठेवता डोळ्यांनी बघा.

त्याआधी तो मोठा प्रश्न, स्पेशल स्कूल का नॉर्मल शाळा. यावर सासूबाईंपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि आईबापांना वाटतं हे एकदा ठरलं की सुटलो. मला स्वतःला वाटतं की जमेल तिथे मुलाने आपल्या भावंडांच्या, शेजारच्या पोरांच्या शाळेत जावं. आणि हे काही माझ्या भाबड्या मनातलं नाही. जून १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात युनेस्कोची परिषद झाली, ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था तिथे होत्या आणि त्यांनी जाहीर केलं की सर्वसाधारण शाळांनीच सगळ्या मुलांना सामावून घ्यायला पाहिजे. इटलीने तर त्याच्याही आधी, १९७७ साली, कायदा करून वेगळे वर्ग बंद केले. १३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला, त्यातलं २४ वं कलम शिक्षणाचं आहे, अपंगत्व आहे म्हणून मुलाला सर्वसाधारण शिक्षणातून बाहेर ठेवायचं नाही आणि त्याला लागतील त्या वाजवी सोयी करून द्यायच्या असं त्यात लिहिलेलं आहे, आणि १८० च्या वर देश त्या करारात आहेत. तेव्हा शाळेत सोय मागणं म्हणजे कोणाचे उपकार मागणं नाही हे डोक्यात पक्कं करूनच आईबापांनी शाळेच्या ऑफिसात पाय ठेवावा.

पण म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून एकच रस्ता धरावा असंही नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाचं वेगळं आहे. वर्गभर पोरं बोलतायत, हसतायत, आणि त्याच्यापर्यंत एक वाक्य पोचत नाही, तर ते मूल गर्दीत बसूनही एकटंच. १८८० साली मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची परिषद भरली होती, तिथे ठराव झाला की खुणांची भाषा नको, तोंडी बोलण्यावरच शिकवायचं. त्यानंतर कित्येक पिढ्या शाळाशाळांमधून मुलांना हाताने बोलायची बंदी झाली. २०१० साली व्हॅन्कूव्हरच्या परिषदेत ते ठराव फेटाळले आणि झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षं गेली मध्ये. त्यामुळे अशा मुलासाठी शाळा बघताना स्पेशल का नॉर्मल हे नंतर, आधी हे बघा की इथे माझ्या लेकराला दिवसभर मनमोकळ्या गप्पा मारायला कोण मिळणार आहे. खुणांची भाषा येणारी चार मुलं आणि एक शिक्षक जिथे आहेत ती शाळा लांब असली तरी मी तिचाच विचार करेन. आणि मूल श्रवणयंत्रावर किंवा कॉक्लिअर इम्प्लांटवर (ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) ऐकत असेल तर वर्गात पंखे किती खडखडतात, खिडकीबाहेर रस्ता आहे का हे ऐका, कारण यंत्र बाईंच्या आवाजाबरोबर बाकीचे आवाजही मोठे करतं आणि बाई लांब गेल्या की त्यांचा आवाज त्यात बुडतो. बाईंच्या गळ्यात अडकवायचा छोटा माईक मिळतो, त्यातून आवाज थेट मुलाच्या यंत्रात जातो. तो शाळा वापरेल का, आणि तास बदलला की तो माईक पुढच्या सरांच्या हातात कोण देणार, हे पण विचारा. गाडी अडते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावरच.

दिसत नसलेल्या मुलाच्या बाबतीत ब्रेल पुस्तकं वर्ग सुरू व्हायच्या आधी हातात येणार का सहामाहीला, हे विचारलं तरी शाळेचं बरंचसं कळतं.

आता शाळा बघायला कधी जायचं. गॅदरिंगला किंवा शाळेने पालकांना बोलावलेल्या खास दिवशी नाही. साध्या दिवशी जा आणि जमलं तर मधल्या सुट्टीच्या जरा आधी पोचा. तास चालू असताना सगळ्याच शाळा शांत आणि आवरलेल्या दिसतात, मधल्या सुट्टीत खरं काय ते कळतं. पोरं जिन्यात कशी धावतात, एकटं उभं असलेल्या मुलाकडे कोणी मोठं माणूस बघतं का, गोंगाट केवढा होतो. ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला घंटा वाजली की लगेच कळतं आपल्या मुलाचं इथे काय होणार ते. काही मुलांना असा आवाज नुसता नकोसा होत नाही, खरोखर सहन होत नाही, मग ते कानावर हात ठेवतं, ओरडतं, पळतं, आणि त्याला म्हणतात वागणुकीचा प्रॉब्लेम आहे. तेव्हा विचारा की असं झालं तर त्याला थोडा वेळ शांत बसायला जागा आहे का, लायब्ररीचा कोपरा पण चालेल, आणि तिथे जायला त्याला प्रत्येक वेळी परवानगी मागत बसावं लागेल का.

आणि संडास. तो बघितल्याशिवाय शाळा ठरवू नका. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये 'आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत' असं ऐकलं की उठायचं आणि म्हणायचं, बघू का? दार पूर्ण उघडल्यावर आत जायला निदान ८० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, त्याहून कमी असेल तर बऱ्याच व्हीलचेअर दारातच अडकतात. आत खुर्ची वळवायला दीड मीटरभर जागा लागते. कमोडच्या बाजूला धरायला दांडी आहे का, ती हलते का, नळ हाताला येतो का, दार आतून लावता येतं का. आणि बाहेरून कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते. किल्लीचं मुद्दाम लिहितेय, कारण सोय केलेली असते, टाईल्स चकचकीत असतात आणि आत बादल्या, झाडू, मोडक्या खुर्च्या भरून कुलूप घातलेलं असतं, आमच्या ग्रुपमधल्या कित्येकांनी हे बघितलंय. मग मूल काय करतं, सकाळपासून पाणी प्यायचंच बंद करतं. कोणाला सांगत नाही. पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठता होते, लघवीचं इन्फेक्शन होतं, दुपारी डोकं चढतं, आणि पालकसभेत आपल्याला ऐकवतात की दुपारच्या तासांना हिचं लक्ष नसतं. लक्ष कुठून असणार, तहानलेलं आणि अवघडलेलं पोर आहे ते. मदत लागणाऱ्या मुलीला संडासला कोण नेणार, ती बाई रजेवर असेल त्या दिवशी कोण नेणार, हे नावानिशी ठरवून घ्या, आणि तिथे मुलीचा आडपडदा राखला जाईल ना हे विचारायला लाजू नका.

रॅम्पचं पण तेच, आहे म्हणून भागत नाही. नियम साधा आहे, पायरी जेवढी उंच त्याच्या बारापट लांब उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट. अर्ध्या अंतरात बसवलेला रॅम्प नुसता फोटोला चांगला दिसतो, त्यावरून मूल स्वतः चढू शकत नाही आणि उतरताना खुर्ची सुटते. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली आणता येईल का विचारा, आणि प्रयोगशाळा, कॉम्प्युटर रूम, स्टेज यांचं काय तेही. 'आम्ही उचलून नेऊ ना' असं प्रेमाने सांगतात आणि ते मनापासूनच सांगत असतात, पण मूल वाढतं, वजन वाढतं, उचलणाऱ्याची पाठ जाते, आणि वयात येणाऱ्या मुलीला कोणी उचलून नेलेलं आवडत नाही, का आवडावं?

बोलणी करताना मी एक गोष्ट बघते. 'काही प्रॉब्लेम नाही, पाठवा' असं दोन मिनिटांत म्हणणारी शाळा मला फारशी भरवशाची वाटत नाही. जी शाळा थोडी घाबरते, विचारते की तिला भूक लागली तर ती कसं सांगते, फिट आली तर आम्ही काय करायचं, वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, त्या शाळेने निदान आपलं मूल तिथे बसलेलं डोळ्यासमोर आणून बघितलंय. विचारा त्यांना, याआधी असं मूल तुमच्याकडे होतं का, ते आता कुठे आहे, आणि त्याच्या आईवडिलांशी मला बोलता येईल का. फक्त मुख्याध्यापकांशी बोलून निघू नका, जिच्या वर्गात मूल बसणार त्या बाईंना भेटा, गेटवरच्या काकांना, वर्गाबाहेरच्या मावशींना भेटा. आमच्या घरी या बाबतीत दुमत होतं, मुलीच्या बाबांना वाटायचं संस्था मोठी पाहिजे, नाव पाहिजे. मला वाटतं वर्गशिक्षिका बघून शाळा ठरवावी आणि तिची बदली झाली तर काय याचा विचार लगेच सुरू करावा.

तयारी म्हणजे काय ते एका साध्या वस्तूवरून सांगते. शाळेतला बाक सगळ्यांना एकाच मापाचा असतो. माझी मुलगी त्यावर बसली की पाय लोंबकळायचे, जमिनीला टेकायचेच नाहीत. ज्याच्या पाठीला आणि कमरेला स्वतःचा तोल नीट सांभाळता येत नाही त्या मुलाचे पाय अधांतरी असले की ते पडू नये म्हणून हातांनी बाक धरून ठेवतं. दोन्ही हात बाक धरण्यात गुंतले मग लिहिणार कशाने? मान पण मग ताठ होते, फळ्याकडून वहीकडे नजर आणायलाच वेळ जातो. बघणाऱ्याला वाटतं हिला लिहायचंच नाहीये. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, येऊन बघितलं, पायाखाली एक लाकडी पाट ठेवायला सांगितला, पावलं सपाट टेकली, गुडघे काटकोनात आले, डेस्कवर न सरकणारी रबरी चटई घातली, वही टेपने चिकटवली. त्यानंतर तिचा हात मोकळा झाला आणि ती लिहायला लागली, अक्षर वाकडं असेल, पण तिचं होतं. बोटांचे व्यायाम पण करत होतोच आम्ही, ते लागतातच, पण घोडं अडलं होतं पायापाशी. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाला त्या वर्गात, त्याच बाकावर, खरोखर बसवून बघा, आणि शक्य असेल तर थेरपिस्टला बरोबर न्या.

शाळेला मुलाची ओळख करून द्यायची म्हणजे रिपोर्टांची फाईल देणं नव्हे. फाईल कपाटात जाते. एका कागदावर, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात लिहून द्या. तिला काय आवडतं, काय येतं, हे आधी. मग ती हो आणि नाही कसं सांगते, माझ्या मुलीच्या कागदावर आहे की प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि थांबा, मध्ये दुसरा प्रश्न विचारू नका, उत्तर येतं. चिडायच्या आधी काय दिसतं, आणि तेव्हा काय केलेलं चालतं, काय केलेलं अजिबात चालत नाही. कोणाला फोन करायचा. हा कागद वर्गशिक्षिकेकडे, पीटीच्या सरांकडे, बसमधल्या ताईंकडे आणि बदली शिक्षक येतात त्यांच्यासाठी टेबलाच्या खणात असला पाहिजे. बोलू न शकणारं मूल चित्रांच्या पाटीवर किंवा टॅबलेटवर बोलत असेल तर ती पाटी दफ्तरात बंद करून ठेवायची नाही हे पण त्यावर ठळक लिहा. पाटी वापरली की मूल बोलायचा आळस करेल असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही, उलट काही मुलांचं बोलणं त्याने वाढतं.

जिवाशी खेळ होईल अशा गोष्टी वेगळ्या लिहा आणि समोर बसून सांगा. फिट येत असेल तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर अँब्युलन्स. आणि फिट म्हणजे दर वेळी खाली पडून झटकेच येतात असं नाही, काही मुलं काही सेकंद नुसती टक लावून बसतात आणि बाईंना वाटतं स्वप्नात आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे मणके ढिले असतात, कोलांटीउडी आणि मानेवर जोर येणारे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, हे पीटीच्या सरांना माहीत पाहिजे. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असलेल्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांत असतं त्या रबराची, अ‍ॅलर्जी असते, म्हणजे वाढदिवसाला वर्गात फुगे लावले की ते मूल अडचणीत येऊ शकतं. शिक्षकांचा यात काही दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता मुलाची तयारी. इथे मला जरा आग्रहाने लिहायचंय, कारण शाळेत जायच्या आधीचे महिने आपण एबीसीडी, आकडे आणि रंगांची नावं घोकून घेण्यात घालवतो, शाळा घेणार नाही या भीतीने. अक्षरं शिकवायलाच शाळा आहे. घरी ज्याचा सराव करायचा ते वेगळं आहे. मदत मागता येणं, शब्दाने, खुणेने, बटण दाबून, कसंही. नको म्हणता येणं, आणि हे मी सगळ्यात वर ठेवेन, कारण आपली मुलं लहानपणापासून डॉक्टर, थेरपिस्ट, नातेवाईक कोणीही हात लावला तरी गप्प बसायला शिकलेली असतात, त्यांना माझ्या अंगाला हात लावू नको हे सांगता आलं पाहिजे आणि घरी येऊन ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. डबा आणि बाटली उघडता येणं, नाहीतर सहज उघडेल असा डबा शोधणं. लेसऐवजी वेल्क्रोचे बूट, बटणाऐवजी इलॅस्टिक, यात कमीपणा काही नाही, वाचलेला वेळ खेळायला मिळतो.

नवीन जागेची भीती वाटणाऱ्या मुलासाठी शाळेचे फोटो काढून छोटं पुस्तक करा, गेट, चप्पल-बूट ठेवायची जागा, वर्ग, बाईंचा चेहरा, संडास, आणि शेवटी न्यायला आलेली आई, हा शेवटचा फोटो विसरू नका. सुट्टीत शाळा रिकामी असताना दोन-चारदा नेऊन आणा. गणवेश आधीच आणा, धुवा, लेबल काढून टाका, घरी घालून बसवा, ज्या मुलाला कापड टोचतं त्याला पहिल्याच दिवशी नवीन शाळा आणि नवीन कॉलर दोन्ही एकदम नको. दिवसात काय काय होणार त्याची चित्रं ओळीने भिंतीवर लावली तर डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना त्याचा फार आधार होतो, कानाने ऐकलेलं निसटतं, डोळ्यांनी बघितलेलं राहतं.

आणि एक सांगते, हे ऐकून मला स्वतःला फार बळ आलं होतं. आज बालवाडीत ठोकळे, मणी, बटणांच्या चौकटी, खरखरीत अक्षरं दिसतात ना, त्यांचं मूळ मारिया मॉन्टेसरींच्या कामात आहे. त्या डॉक्टर होत्या, १९०० च्या सुमारास रोममध्ये त्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या, त्यांच्या आधी फ्रान्समध्ये सेगँ नावाच्या डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी साधनं तयार केली होती, ती त्यांनी अभ्यासली, वापरली, वाढवली. मग १९०७ साली त्यांनी बाकीच्या मुलांसाठी बालगृह उघडलं आणि तीच पद्धत जगभर गेली. म्हणजे आपल्या मुलांसाठी जे शोधलं गेलं त्यावर सगळ्यांची मुलं शिकली. 'तुमच्या मुलामुळे बाकीच्यांचं नुकसान होईल' असं कोणी म्हणालं तर हे सांगा त्यांना.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीला असणारं माणूस, त्याबद्दल दोन शब्द. मदतनीस लागतो, काही मुलांना पूर्ण वेळ लागतो. पण तो मुलाला चिकटून बसला की बाकीची पोरं मुलाशी न बोलता मदतनिसाशी बोलतात, हिला काय पाहिजे, हिचं नाव काय. बाई पण वर्गाला शिकवतात आणि हिचं ते बघतील असं धरून चालतात, म्हणजे मूल वर्गात आणि शिक्षण वर्गाबाहेर. मदतनिसाने एक बाक मागे बसावं, कधी पुढे व्हायचं आणि कधी हात मागे घ्यायचे हे ठरवून द्यावं, आणि मधल्या सुट्टीत शक्य तेवढं लांब राहावं, मैत्री तेव्हाच होते. मदतनीस आला नाही तर मुलाने घरीच थांबायचं अशी अट काही ठिकाणी घालतात, ती मान्य करू नका. आणि त्याचा खर्च आईबापांवर टाकणं मला पटत नाही.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं हे आधी आपल्या मुलाला विचारा. माझ्या मुलीने ठरवलं की बाईंनी सांगायचं आणि ती वर्गात असताना सांगायचं. तिचे स्नायू मेंदूचं लवकर ऐकत नाहीत, तिला सगळं कळतं, हे चिकटत नाही, तिच्या खुर्चीला विचारल्याशिवाय ढकलायचं नाही. बस. पोरांनी सरळ प्रश्न विचारले, झोपताना खुर्ची कुठे असते वगैरे, आणि मग ती त्यांच्यात मिसळली. मोठ्यांना जास्त वेळ लागला.

शाळा सुरू झाली की पहिले काही आठवडे मूल घरी येऊन कोसळतं, रडतं, चिडतं, शाळेत शहाण्यासारखं वागून घरी सगळा राग काढतं. सगळी थेरपी तेव्हाच चालू ठेवायचा हट्ट नको, एखादा क्लास थोडे दिवस बंद करा, झोपू द्या. अर्ध्या दिवसाने सुरुवात केली तर पूर्ण दिवस कधीपासून हे तारखेसकट लिहून घ्या, नाहीतर अर्धा दिवसच कायमचा होऊन बसतो. बाईंशी रोज बोलणं जमत नाही, एक वही ठेवा, दोन ओळी त्यांनी, दोन ओळी आपण, आणि त्यात फक्त तक्रारी नकोत हे दोघांनी पाळायचं. महिन्याभराने सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि मूल समोर असेल तर त्यालाही विचारायचं. इतकं करूनही मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, शाळेचं नाव काढलं की गप्प होत असेल, मारलं, चिडवलं, कोंडलं अशी शंका असेल, तर शाळा बदला. लोक म्हणतील टिकलं नाही. म्हणू देत.

संपादक महोदय, आता तुमच्याकडे मागणं. शाळाप्रवेशाच्या पुरवणीत तुम्ही शाळांची माहिती चौकटीत देता, फी, बोर्ड, वेळ, संपर्क. त्यात अजून चार रकाने घाला. व्हीलचेअर आत जाईल असा संडास आहे का आणि तो उघडा असतो का. तळमजल्यावर वर्ग देता येतो का. विशेष शिक्षक आहेत का, किती. सध्या अपंगत्व असलेली किती मुलं शिकतायत. शाळांना पत्र पाठवून विचारा आणि जे उत्तर येईल ते छापा, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यापुढे उत्तर आलं नाही असं छापा. माहिती भरून घ्यायला, फोन करायला माणसं लागली तर आमच्या ग्रुपमधले पालक यायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहितेय.

आपली,
एक आई